प्रवेशापूर्वी महाविद्यालयाची पारख

(श्रींच्या जत्रोत्सवानिमित्त देवस्थानच्या सभामंडपात झालेल्या विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



श्रींच्या सभामंडपात उभे राहून चार शब्द बोलण्याचा मान समितीने मला दिला याबद्दल मी तिचा ऋणी आहे. याच मंडपात, याच खांबांच्या मधून, पालखीच्या मागे झोपेने पेंगत आईचे बोट धरून चालल्याचे मला आठवते. तेव्हा येथे विजेचे दिवे नव्हते. आज येथे लख्ख उजेड आहे आणि समोर आपल्या महाजन कुटुंबांतील एवढी गुणवंत मुले-मुली बसली आहेत. मन भरून येते. परंतु गुणवंतांचे कौतुक करण्याचे काम माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझ्यापेक्षा चांगले केले आहे. मी हाडाचा शिक्षक. मला उपदेश करण्याची खोड आहे आणि ती निवृत्तीनंतरही गेलेली नाही. म्हणून आज एका व्यावहारिक विषयाकडे आपले लक्ष वेधावे असे मी ठरविले आहे.

येत्या काही महिन्यांत येथील अनेक मुले बारावीच्या परीक्षेस बसतील. निकाल लागेल, आणि मग घरोघरी एकच विचार सुरू होईल : कोठे घालायचे? या प्रश्नाचे उत्तर आपण कसे शोधतो, हे मी गेली चाळीस वर्षे पाहत आलो आहे. मुलगी द्यायची झाली की आपण त्या घराची किती चौकशी करतो! कुलदेव कोणता, भाऊ किती, सासूचा स्वभाव कसा, घरावर कर्ज आहे काय, येथपासून विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते काय येथपर्यंत सारे विचारून घेतो. आणि ज्या संस्थेच्या हाती आपले मूल तीन-चार वर्षे सोपवायचे, जिच्यासाठी घरातील पुंजी मोडायची, तिची चौकशी मात्र एका गुळगुळीत माहितीपत्रकावर आटोपते. मी हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. हा दोष पहिल्याने माझ्या पदरी आहे, तो आज आपल्यासमोर कबूल करावा म्हणून म्हणतो.

गोष्ट १९८४ सालची. मी तेव्हा नुकताच व्याख्याता झालो होतो. माझा धाकटा भाऊ बारावी झाला. त्याला अभियंता व्हायचे होते. गोव्यात त्या वेळी अभियांत्रिकीचे पदवी महाविद्यालय एकच, १९६७ साली सुरू झालेले, फर्मागुडीचे. तेथे त्याचा नंबर लागला नाही. शेजारच्या राज्यातील एका नव्या महाविद्यालयाचे माहितीपत्रक आमच्या हाती आले. आमचे आप्पा फारसे इंग्रजी शिकलेले नव्हते. त्यांनी ते पुस्तक माझ्या हाती दिले आणि म्हणाले, “तू प्रोफेसर आहेस. वाच आणि सांग.” मी वाचले. भव्य इमारत, सुसज्ज प्रयोगशाळा, अनुभवी अध्यापकवर्ग, विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह. मी आप्पांना सांगितले, “चांगले दिसते.” माझ्या त्या दोन शब्दांवर आप्पांनी कुळागराचा वरचा तुकडा गहाण टाकला आणि देणगी भरली.

भाऊ तेथे पोहोचला आणि आठवड्याने त्याचे पत्र आले. माहितीपत्रकातली इमारत हे छायाचित्र नव्हते, ते वास्तुशिल्पकाराने काढलेले चित्र होते. त्या चित्रातली झाडेसुद्धा अजून लावलेली नव्हती. वर्ग एका भाड्याच्या गोदामात भरत. यंत्रे आली होती, पण खोक्यांतून बाहेर निघाली नव्हती. छापलेल्या यादीतील आठ अध्यापकांपैकी तिघे प्रत्यक्ष होते. विद्यापीठाची संलग्नता दरवर्षी नव्याने मिळे, आणि ती मिळेपर्यंत परीक्षा लांबत. चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने सहा वर्षांत पुरा केला. तो हुशार होता, चिकाटीचा होता, पुढे त्याने आपले बस्तान नीट बसविले. परंतु तो पदवी घेऊन घरी आला तेव्हा आप्पा नव्हते, आणि तो तुकडा सोडवायचा राहिला होता तो राहिलाच. भावाने मला कधी दोष दिला नाही. एकदाच तो म्हणाला, “दादा, तू एकदा येऊन बघितले असतेस तर!” एका रात्रीचा बसचा प्रवास होता. मी केला नाही.

त्यानंतर मी स्वतः महाविद्यालयात तीस वर्षांहून अधिक काळ काढला, प्रवेश समित्यांवर बसलो, अहवाल लिहिले, तपासणीस आलेल्या पाहुण्यांना चहा दिला. भिंतीच्या दोन्ही बाजू पाहिल्या. त्या अनुभवावरून प्रवेशापूर्वी एखाद्या महाविद्यालयाचे खरे चित्र कसे मिळवावे हे मी आपणांस सांगू इच्छितो.

माझ्या मते ही चौकशी तीन पायऱ्यांनी करावी. पहिली पायरी मान्यतेची, दुसरी गुणवत्तेच्या कागदांची आणि तिसरी प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहण्याची. बहुतेक लोक दुसऱ्या पायरीपासून आरंभ करतात आणि तेथेच थांबतात.

पहिली पायरी : ही संस्था देईल ती पदवी कायद्याने पदवी आहे काय? आपल्या देशात विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ साली झाला. त्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार संसदेच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठास, अभिमत विद्यापीठास किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेसच आहे. अन्य कोणी सोन्याच्या अक्षरांत पदवी छापून दिली तरी ती भिंतीवर टांगण्याच्याच उपयोगाची. अशा बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः प्रसिद्ध करतो. ती पाहण्यास पैसा लागत नाही.

येथे एक इतिहास सांगण्यासारखा आहे. छत्तीसगड राज्याने २००२ साली खाजगी विद्यापीठांसंबंधी एक कायदा केला. त्या कायद्याखाली नुसत्या राजपत्रातील अधिसूचनेने विद्यापीठे निघू लागली आणि अल्पावधीत त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. त्यांतील कित्येकांना ना इमारत होती, ना अध्यापक. नाव मात्र विद्यापीठाचे. थोर शास्त्रज्ञ आणि आयोगाचे माजी अध्यक्ष प्राध्यापक यशपाल यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्यातील संबंधित कलमे रद्द केली आणि ती विद्यापीठे एका दिवसात नाहीशी झाली. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्थांना राज्यातील अन्य विद्यापीठांशी जोडून घेण्याची वाट न्यायालयाने दाखविली, ही दिलाशाची गोष्ट. परंतु त्या मुलांच्या आईवडिलांच्या त्या रात्री कशा गेल्या असतील याचा विचार करा. त्यांनीही माहितीपत्रक वाचले होते. आणि त्यावर ‘राज्य शासनाच्या कायद्यान्वये स्थापित’ असे लिहिणे त्या दिवसापर्यंत खोटेही नव्हते!

विद्यापीठ खरे असले तरी चौकशी संपत नाही. महाविद्यालयास मान्यता असते, पण आपल्याला हव्या त्या अभ्यासक्रमास असेलच असे नाही. तंत्रशिक्षणासाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, औषधनिर्माणशास्त्रासाठी फार्मसी कौन्सिल, कायद्यासाठी बार कौन्सिल, वैद्यकासाठी २०२० पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, असे प्रत्येक व्यवसायाचे नियामक मंडळ वेगळे आहे. त्यांच्या मान्यतापत्रात अभ्यासक्रमाचे नाव, जागांची संख्या आणि शैक्षणिक वर्ष स्पष्ट लिहिलेले असते. ते पत्र मागावे. ‘अर्ज केलेला आहे’, ‘मान्यता अपेक्षित आहे’, ‘येत्या महिन्यात समिती येणार आहे’ ही वाक्ये कानी पडली की उठून नमस्कार करावा आणि घरी यावे. माझा भाऊ या तीन वाक्यांवर दोन वर्षे जगला.

आता दुसरी पायरी. राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, जिला आपण ‘नॅक’ म्हणतो, ती १९९४ साली स्थापन झाली. महाविद्यालयांच्या प्रवेशद्वारांवर झळकणाऱ्या ‘अ’, ‘अ अधिक’ अशा श्रेणी तिच्या. या श्रेणीमागे ४ पैकी गुण असतात. ३.५१ च्या वर सर्वोच्च श्रेणी, ३.०१ ते ३.२५ असल्यास नुसती ‘अ’. श्रेणी साधारणपणे पाच वर्षांपुरती असते, फाटकावरचा फलक मात्र उतरविण्याची कोणाला घाई नसते. म्हणून श्रेणी कोणत्या वर्षी मिळाली ते प्रथम विचारावे. २०२४ साली परिषदेने श्रेणींची उतरंड काढून टाकून केवळ ‘प्रत्यायित आहे की नाही’ एवढेच सांगणारी नवी पद्धत जाहीर केली. तेव्हा जुने फलक वाचताना अधिकच सावध राहावे.

आणि या श्रेणी कशा मिळतात? मी ज्या महाविद्यालयात होतो त्याचे नाव घेत नाही, कारण जे तेथे झाले ते इतरत्रही होते. समिती येण्याच्या आधी पंधरा दिवस भिंतींना रंग लागला, कुंड्या भाड्याने आल्या, वर्षभर कुलूप असलेली स्त्रियांची विश्रांतिका उघडली गेली. पाहुणे विद्यार्थ्यांशी बोलणार होते. त्यांनी काय बोलावे हे त्यांना शिकविण्याचे काम माझ्याकडे होते आणि मी ते केले. एका मुलीने मला विचारले, “सर, पण ग्रंथालय चार वाजता बंद होते, ते सांगू नको का?” मी तिला म्हटले, “ते नको सांगूस.” ते शब्द आजही माझ्या कानांत आहेत. आम्ही आकडे खोटे लिहिले नाहीत, परंतु जे दाखविले ते आमचे रोजचे घर नव्हते. हे आमच्यापुरते झाले. देशात याहून वाईटही घडले आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत, उत्तम श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षासह काही सदस्यांना केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. म्हणून सर्व श्रेणी खोट्या असे मी म्हणत नाही. श्रेणी ही एक साक्ष आहे आणि एकाच साक्षीवर निवाडा करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

याच पायरीवर केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी येते. तिची पहिली यादी २०१६ साली निघाली. सर्व महाविद्यालये तीत भाग घेत नाहीत, आणि आकडे संस्थाच पुरवितात हेही ध्यानी ठेवावे. तरीसुद्धा मी पालकांना सांगतो की क्रमांकाकडे पाहू नका, त्यामागचे तक्ते पाहा. ते सर्वांसाठी खुले असतात. त्यांत किती जागा होत्या, किती विद्यार्थी दाखल झाले, किती ठरल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती नोकरीस लागले, किती पुढील शिक्षणास गेले आणि नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्यक काय, हे वर्षवार दिलेले असते.

हा मध्यक म्हणजे काय ते सांगतो, कारण जाहिरातीचे सारे कसब येथे आहे. समजा ६० विद्यार्थी दाखल झाले. त्यांतील ४० जण मुदतीत उत्तीर्ण झाले. महाविद्यालयाने नोकरीच्या मुलाखतींसाठी त्यांतील २० जणांचीच नावे नोंदविली आणि त्या वीसही जणांना नोकरी लागली. एकास वर्षाला १२ लाख आणि उरलेल्या १९ जणांस प्रत्येकी ३ लाख. जाहिरातीत काय येईल? ‘शंभर टक्के नोकऱ्या, सर्वोच्च वेतन १२ लाख.’ यात एकही शब्द खोटा नाही! सरासरी काढली तर ती ३ लाख ४५ हजार होते, म्हणजे एकाच्या भाग्याने सर्वांचा आकडा फुगतो. पगार चढत्या क्रमाने मांडून मधला घेतला तर तो ३ लाख. हा मध्यक. आपला मुलगा सरासरी बुद्धीचा असेल तर त्याच्या वाट्यास येण्यासारखा आकडा हाच. आणि मूळच्या ६० पैकी नोकरीस लागले २०, म्हणजे तिघांत एक. म्हणून ‘किती टक्के?’ असे न विचारता ‘किती जणांपैकी किती?’ असे विचारावे.

दुसरा एक साधा हिशोब अध्यापकांचा. अभियांत्रिकीच्या पदवीसाठी तंत्रशिक्षण परिषदेचे प्रमाण २० विद्यार्थ्यांमागे १ अध्यापक असे आहे. एका शाखेत वर्षाला ६० मुले घेतली तर चार वर्षांची मिळून २४० होतात, आणि त्या शाखेस १२ अध्यापक हवेत. संस्थेने प्रसिद्ध केलेली अध्यापकांची यादी घ्यावी आणि नावे मोजावीत. त्यांतील किती जण तीन वर्षांहून अधिक काळ तेथे टिकले आहेत हेही पाहावे. ज्या घरातून माणसे सारखी निघून जातात त्या घरात काहीतरी बिनसलेले असते. सरकारी वा अनुदानित महाविद्यालय असेल आणि माहिती मिळत नसेल, तर २००५ सालच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. म्हणून ही चौकशी निकालानंतर न करता आतापासून करावी.

आता तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी. स्वतः जाऊन पाहावे. स्नेहसंमेलनाच्या वा ‘खुल्या दिवसा’च्या मुहूर्तावर जाऊ नये. सत्र चालू असताना, साध्या कामाच्या दिवशी, शक्यतो दुपारी दोननंतर जावे. सकाळी कोणतेही महाविद्यालय भरलेले दिसते. दुपारी वर्ग चालू आहेत की ओस पडले आहेत ते पाहावे. ग्रंथालयात जाऊन कपाटातील चार पुस्तके काढावीत आणि ती शेवटी कधी दिली गेली याची नोंद पाहावी. प्रयोगशाळेतील यंत्रावर धूळ आहे की तेल आहे ते पाहावे. सूचनाफलकावरील कागदांच्या तारखा वाचाव्यात. वसतिगृहाच्या खाणावळीत पैसे देऊन एक वेळ जेवावे. मार्च महिन्यात पाणी किती तास येते हे तेथल्या स्वयंपाक्यास विचारावे. तो खरे सांगतो.

विद्यार्थ्यांशी बोलावे, परंतु कार्यालयाने गाठ घालून दिलेल्या विद्यार्थ्यांशी नव्हे. मी कोणत्या विद्यार्थ्यांची गाठ घालून देत असे ते आपणांस आताच सांगितले आहे! फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसावे. पहिल्या वर्षाची मुले नवखी असतात, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठावे. आणि त्यांना ‘कॉलेज कसे आहे?’ असे विचारू नये. या प्रश्नास ‘बरे आहे’ याखेरीज उत्तर मिळत नाही. मत विचारू नये, घडलेले विचारावे. गेल्या सोमवारी किती तास होते आणि त्यांतले किती झाले? या सत्रात कोणता विषय शिकवायला कोणीच नव्हते? निकाल किती महिन्यांनी लागला? तुमच्याबरोबर दाखल झालेल्यांपैकी कोणी सोडून गेले काय, आणि का? फी सोडून आणखी कशाकशाचे पैसे भरावे लागले? मुलींनी मुलींना विचारावे की संध्याकाळी परतण्याची व्यवस्था काय आहे आणि तक्रार केली तर ऐकून कोण घेते. रॅगिंगविरुद्धचे नियम २००९ पासून आणि स्त्रियांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समितीचे नियम २०१५ पासून आयोगाने घालून दिले आहेत. समितीतील माणसांची नावे विद्यार्थिनींना ठाऊक नसतील तर ती समिती कागदावर आहे असे समजावे.

मात्र एका माणसाच्या बोलण्यावर मत बनवू नये. नापास झालेला मुलगा रागाने बोलतो, नोकरी लागलेला मुलगा अभिमानाने बोलतो. दोघेही खोटे बोलत नसतात, पण दोघांनाही आपापलाच तुकडा दिसतो. चार-पाच जणांच्या सांगण्यात जे सामाईक निघेल ते धरावे.

पैशाविषयी दोन शब्द. पहिल्या वर्षाची फी पाहून हुरळून जाऊ नये. सर्व वर्षांचा मिळून, वसतिगृह, खाणावळ, परीक्षा, प्रवास यांसह एकूण खर्च कागदावर मांडावा. महाराष्ट्रात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी २०१५ च्या कायद्याखालील शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. तो मंजूर आकडा आणि आपणांस सांगितलेला आकडा ताडून पाहावा. देणगी घेऊन जागा विकण्यास सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात स्पष्ट मनाई केली आहे. ज्या रकमेची पावती मिळत नाही ती रक्कम देऊ नये. आणि हे विशेष लक्षात ठेवा की विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली फी परतीचे नियम ठरविले. प्रवेशाच्या अंतिम तारखेपूर्वी १५ दिवस वा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण फी परत, पुढे ९०, ८०, ५० टक्के अशी उतरती, आणि अंतिम तारखेनंतर ३० दिवस उलटून गेल्यावर काहीच नाही. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा हक्क संस्थेस नाही. चूक झाली असे ध्यानात आले तर लाजेपोटी थांबून राहू नये. आम्ही थांबलो होतो.

विद्यार्थिमित्रांनो, हे सारे मी तुमच्या वडीलमाणसांना सांगितले. तुम्हांला वेगळे सांगायचे आहे. आपल्याच गोव्यातील सांखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींचे ‘निवेदन’ तुम्ही अवश्य वाचा. बौद्ध धर्माचे ज्ञान कोठे मिळेल एवढ्या एका प्रश्नासाठी ते १८९९ साली घर सोडून निघाले. पुणे, ग्वाल्हेर, काशी येथे संस्कृत शिकत ते अपार कष्टाने नेपाळात गेले, कारण तेथे बौद्ध धर्म जिवंत आहे असे त्यांनी ऐकले होते. गेले, पाहिले आणि त्यांची निराशा झाली. पण ‘आता एवढ्या लांब आलोच आहोत’ असे म्हणून ते तेथे राहिले नाहीत. बुद्धगयेस चौकशी केली, कलकत्त्याहून सिंहलद्वीपाची वाट धरली आणि तेथे त्यांना हवे ते गुरू व हवी ती विद्या मिळाली. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक झाले. त्यांच्यापाशी ना पैसा होता, ना ओळखी. आपल्याला काय शिकायचे आहे हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. तुम्हांला ते ठाऊक नसेल तर जगातील उत्तमोत्तम महाविद्यालयाची चौकशीही व्यर्थ आहे. एखादे कॉलेज चांगले की वाईट याबरोबरच ‘ते मला मानवेल काय?’ हेही विचारा. मोठ्या नावाच्या संस्थेत नको असलेली शाखा घेण्यापेक्षा साध्या संस्थेत मनासारखा विषय आणि दोन चांगले शिक्षक मिळाले, तर तो सौदा तोट्याचा नाही.

आपल्या पूर्वजांपुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. पणजीची वैद्यकशाळा १८४२ पासून होती खरी, पण कला वा विज्ञान शिकायचे तर धारवाड, पुणे, मुंबई गाठावी लागे. गोव्यात पहिली कला-विज्ञान महाविद्यालये निघाली ती मुक्तीनंतर, १९६२ साली, आणि आपले स्वतःचे विद्यापीठ १९८५ साली. जेथे वाट एकच तेथे पारख कसली करणार? आज वाटा शेकड्यांनी आहेत, आणि म्हणून पारख करणे हे आपले कर्तव्य झाले आहे.

शेवटी समितीपुढे एक नम्र सूचना ठेवतो. आपल्या महाजन कुटुंबांतील मुले आज पणजी-मडगावपासून बेळगाव, पुणे, मुंबई, बंगळूरपर्यंत आणि परदेशांतही शिकत आहेत. जत्रेला त्यांतील बहुतेक येतात, अग्रशाळेत उतरतात, महाप्रसाद घेऊन परततात. त्यांच्यापाशी जे ज्ञान आहे ते कोणत्याही माहितीपत्रकात मिळणार नाही. अग्रशाळेत एक वही ठेवावी. जो विद्यार्थी येईल त्याने आपले महाविद्यालय, शाखा व वर्ष लिहून मी मघाशी सांगितलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहावीत. स्तुती नको, निंदाही नको. जे घडले ते लिहावे. ज्यांना आपल्या निवडीचा पश्चात्ताप झाला त्यांनी तर अवश्य लिहावे. आपल्याकडे फसगत झाली की ती झाकून ठेवण्याची रीत आहे. आमच्या घरानेही ती झाकली, आणि त्यानंतर तीन वर्षांनी याच गावातील आणखी एक मुलगा त्याच महाविद्यालयात गेला. आम्ही बोललो असतो तर तो गेला नसता. देवस्थानच्या जमाखर्चाची वही पाहण्याचा हक्क आपण महाजन म्हणून मागतो. ही दुसरी वही भरण्याचे काम आपण महाजन म्हणून पत्करावे. तिचे पहिले पान मी लिहून देण्यास तयार आहे, ते १९८४ सालचे असले तरी.

आपल्यापैकी पुष्कळजण अशा प्रसंगी श्रींचा कौल घेतात. मीही घेतो. माझे एवढेच सांगणे आहे की कौल घेण्याआधी चौकशी पुरी करावी. आपण करायचे काम देवावर टाकू नये. माझी नात यंदा बारावीस आहे. तिने तीन महाविद्यालयांची नावे काढली आहेत. जत्रा आटोपली की मी तिच्याबरोबर रात्रीच्या बसने निघणार आहे. चाळीस वर्षे उशीर झाला आहे, परंतु यंदा मी जाऊन बघणार आहे.

श्रींच्या कृपेने तुम्हां सर्वांना हवी ती विद्या आणि योग्य ते गुरू लाभोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.